पायतुटकी बारव

पाय सांभाळा. नऊ पायऱ्या उतरलात, आता तिथंच थांबा. दहावी पायरी नाही.

नाही म्हणजे नाहीच. वाकून बघा हवं तर. खाली सरळ भिंत आहे, चांगली दोन पुरुष खोल, आणि मग पाणी. चारी बाजूंनी एवढी देखणी बांधलेली बारव, दगडाला दगड असा बसवलाय की मधून सुई जायची नाही, आणि उतरायची वाट तेवढी अर्ध्यावर तुटलेली. येणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, की निवृत्तीमामा, पायऱ्या भूकंपानं पडल्या का? मागे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी भिंतीला हात लावून सांगितलं की पाया खचला असावा. मी म्हटलं, साहेब, खचला असता तर बाराच्या बारा पायऱ्या अशा एका रेषेत गेल्या असत्या का? कडेच्या दगडावर पहारीच्या खुणा आहेत, त्या बघा. एकवीस पायऱ्या होत्या, नऊ राहिल्या. या पडलेल्या नाहीत, एका बाईनं फोडलेल्या आहेत.

तुम्ही बोरझडीत पहिल्यांदाच आलाय, म्हणून सांगतो. हातातली टेप जरा गुंडाळून ठेवा, वर या आणि या कठड्यावर बसा. माप काय, नंतरही घेता येईल. आधी ऐका, मग घ्यायचं की नाही ते ठरवा.

तुमच्या वयाच्या माणसांनी नारू हा रोग पाहिला नसेल. बरंच झालं. माझ्या लहानपणी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या पायांवर त्याचे वण दिसायचे. नारू म्हणजे किडा. तो पाण्यातून पोटात जातो, डोळ्यांना दिसत नाही. पोटात वर्षभर वाढतो, हात-दीड हात लांब होतो, आणि मग पायाला फोड आणून तिथून डोकं बाहेर काढतो, शेवयासारखा. ओढला तर तुटतो, आणि तुटला तर पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळत रोज बोटभर काढायचा, असा महिना-महिना. तोवर माणूस खाटेवर पडून ओरडतो. निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी आग होते म्हणे.

आता त्या आगीवर आमच्या गावानं काय उपाय शोधला होता, तो ऐका. खाली पाण्याच्या जरा वर कोनाडा दिसतोय ना? त्यात नारूबा म्हणून देव होता. नारू हा त्याचा धागा, अशी समजूत. ज्याच्या पायात धागा निघाला, त्यानं पाच मंगळवार बारवेत उतरायचं, शेवटच्या पायरीवर उभं राहून पाय पाण्यात सोडायचा. त्याला म्हणायचे ‘पाय देणं’. गुरवानं नारूबापुढं नारळ फोडायचा. गार पाण्यानं आग थांबायची, ते खरं होतं, आणि माणसाला वाटायचं देव पावला. तो वर जायचा, आणि त्याच पायरीवर उभी राहून त्याची बायको घरासाठी घागर भरून न्यायची.

कळलं ना? एकाच्या पायातला किडा अख्ख्या गावाच्या घागरीत. आणि हे पिढ्यान् पिढ्या, नारळ फोडून, हळदकुंकू वाहून. घरटी एक लंगडा माणूस होता या गावात, असे सांगतात. शेजारच्या गावचे लोक बोरझडीला मुलगी द्यायला नाखूश असत.

तरी एक मुलगी आली. तिचं नाव गोजरा. ती डोंगरपट्ट्यातली, झऱ्याचं पाणी पिणारी. झऱ्यात पालापाचोळा पडायचा म्हणून तिच्या माहेरी घागरीच्या तोंडाला फडकं लावून पाणी गाळायची रीत होती. तीच सवय घेऊन ती इथं नांदायला आली. तिचं सासर पाथरवटांचं. ही बारव तिच्या आजेसासऱ्यानं बांधलेली, म्हणजे या पायऱ्या तिच्या घरच्याच. तिचा नवरा रायाजी. त्यांना एकच लेक, हौसा.

गोजरा लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून पाणी गाळते म्हणून सासरच्या बाया तिला हसायच्या. ‘आमच्या पाण्यात काय मासोळ्या हायेत व्हय गं?’ म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची आणि गाळायची. घरात तिला आणि लेकीला कधी नारू झाला नाही. रायाजीला मात्र तीनदा झाला, कारण दगड फोडून दमला की तो बारवेत उतरायचा आणि ओंजळीनं प्यायचा. तिसऱ्या वेळी धागा तुटला. पाय काळा पडत गुडघ्यापर्यंत गेला, आणि रायाजी वारला. तेव्हा हौसा सात-आठ वर्षांची होती.

पण त्याआधी, रायाजीला पाय द्यायला खाली नेलं तेव्हा, गोजरा त्याला धरून शेजारी बसली होती. त्यानं पाय पाण्यात सोडला. आणि तिनं पाहिलं की फोडातून दुधासारखं काहीतरी निघालं आणि पाण्यात धुरासारखं पसरलं. वरच्या पायरीवरून एका बाईनं वाकून त्यातच घागर बुडवली. दर मंगळवारी शेकडो माणसं हे बघत होती. गोजरानं ते पाहिलं आणि ती विचार करत बसली, एवढाच फरक.

सुतक फिटल्यावर ती घरोघर गेली. स्वतःची दोन लुगडी फाडून तिनं फडकी केली होती. प्रत्येक दारात उभी राहून सांगायची, ‘पाय देऊ नगा. पानी गाळून प्या. माजं ऐका.’ लोकांनी काय उत्तरं दिली, तीसुद्धा गावाला अजून पाठ आहेत. एक म्हणाला, ‘आमचा बाप हेच पानी पिला.’ ती म्हणाली, ‘आन् लंगडत मेला.’ तर तो तिच्या अंगावर धावून आला. दुसरी म्हणाली, नवरा गेला म्हणून डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. तिसरीनं फडकं ठेवून घेतलं आणि त्यानं चुलीवरची भांडी उतरवायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी! आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो गुरव. लिंबाजी गुरव. देवाचं पाणी गाळायचं म्हणजे देवाला घाणेरडा म्हणायचं, असं तो म्हणाला.

या लिंबाजीचं नाव लक्षात ठेवा. तो माझा खापरपणजा. म्हणून ही गोष्ट सांगायचं काम आमच्या घराकडे आहे.

सांगून होत नाही म्हटल्यावर गोजरानं करून टाकलं. चैत्रात पलीकडच्या गावी दोन दिवसांची जत्रा असते. अख्खं गाव गाड्या जुंपून तिकडं गेलं. गोजरानं नवऱ्याचा घण आणि पहार काढली, हौसाला वर लिंबाखाली बसवलं, आणि भर उन्हात खाली उतरली. तळापासून सुरुवात केली. वरच्या पायरीवर उभं राहायचं, खालची उखडायची आणि पाण्यात लोटायची. मग आणखी एक पायरी वर. पाथरवटाची बायको ती, दगडाची शीर कुठं असते ते तिला ठाऊक होतं. तरी दोन दिवसांत बारा पायऱ्या म्हणजे थट्टा नाही. हाताची सालटं निघाली, पहारीला रक्त लागलं, असे सांगतात. ते दगड अजून तळाशी आहेत. दुष्काळी सालात पाणी फार खाली गेलं की माथे दिसतात, मी दोनदा पाहिलेत.

जत्रेहून गाव परतलं आणि बाया घागरी घेऊन आल्या, तर खाली जायला वाट नाही. आता नवव्या पायरीवर उभं राहून दोरानं पोहरा सोडायचा आणि ओढायचा. पाण्याला माणसाचा पाय लागायची सोयच राहिली नाही. गाव असं खवळलं म्हणता! पाणवठा फोडणं हे महापाप. तेही बाईनं, तेही विधवेनं, तेही देवाच्या दारातलं. पारावर गाव बसलं. यमाजी पाटील म्हणून होते, त्यांनी विचारलं, ‘काय म्हननं हाय तुजं?’

गोजरा म्हणाली, ‘पुढल्या अकितीपत्तुर म्या वेशीबाहेर ऱ्हाते. लेक दिराच्या घरी ठिवते. गावाचं पानी पिनार न्हाई. त्या दिशी गावात एकबी नवा नारू नसंल, तर माजी लेक माज्या वटीत घाला. असंल, तर म्या पुन्हा तिचं त्वांड बघनार न्हाई.’

अकिती म्हणजे अक्षय्य तृतीया. गावानं हे मान्य केलं. फुकटात शिक्षा झाली, गावाला आणखी काय हवं होतं?

इथं गोजराची चूक झाली, आणि ही चूक आठवली की आजही माझा जीव कासावीस होतो. नारू पोटात वर्षभर राहतो हे मी तुम्हाला आत्ता सांगितलं. ते मला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला कोण सांगणार? पायऱ्या फोडायच्या आधीच ज्यांनी ते पाणी प्यायलं होतं, त्यांच्या पोटात किडा वाढतच होता. तिनं एक वर्ष मागितलं, आणि लागणार होती दोन.

ओढ्यापलीकडे दगडांचा तो ढीग दिसतोय ना, तिथं तिनं खोपटं घातलं. ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून प्यायची, पाटे-वरवंटे घडवायची. वर्ष गेलं. अकितीचा दिवस उजाडला. ती सकाळपासून वेशीबाहेर उभी होती, ओटी पसरून, म्हणे. आणि गावातून पाटलाचा माणूस आला. अकरा जणांना नारू निघाला होता. त्यात पाटलाचा मुलगा होता आणि गोजराचा दीर सटवाजीही होता.

आधीच्या वर्षी चाळीस होते, हे कोणी बोललं नाही. अकरा झाले, एवढंच बोलले.

पाटील वाईट नव्हते, असे सांगतात. ते स्वतः वेशीपर्यंत आले. म्हणाले, ‘गोजरा, झालं ते झालं. पाथरवटाचं काम तुला येतंय. पायऱ्या व्हत्या तशा बशिवून दे आन् लेकीला घिऊन घरी जा. तुजी आन गाव इसरंल.’

हौसा चुलतीचा हात धरून पन्नास पावलांवर उभी होती. गोजरानं तिच्याकडे पाठ फिरवली. आन घेतली होती, नारू निघाला होता, म्हणजे तोंड बघायचं नाही. पाठ फिरवूनच ती पाटलाला म्हणाली, ‘लेक ऱ्हाऊ द्या तिकडंच. पायऱ्याबी ऱ्हाऊ द्या तशाच. पाया पडते, आनखी एक साल थांबा.’

मला सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं? ज्या गावानं तिला वेडी ठरवलं, त्याच गावाचे पाय वाचावेत म्हणून पोटची पोर सोडायची? मी नसती सोडली. मी बसवून दिल्या असत्या पायऱ्या, आणि म्हटलं असतं, जा, मरा तिकडे.

गाव थांबलं का? कसलं थांबतंय! सटवाजीला सांगितलं की तू बसव पायऱ्या. तोही पाथरवट. पण सटवाजीच्या पायात नारू! खाणीपर्यंत चालवेना, घण उचलवेना. तीन महिने खाटेवर, मग पावसाळा, मग सुगी. उद्या करू, परवा करू, असं करता करता वर्ष सरलं. बोरझडी वाचली ती आमच्या शहाणपणामुळं नाही. नारूनंच नारूची वाट अडवून धरली.

त्या वर्षात हौसा रोज ओढा ओलांडून यायची. गोजरा भिंतीकडे तोंड करून बसायची, दगड घडवत. हौसा मागून येऊन तिच्या केसांना तेल लावायची, विंचरायची, गावातलं काय काय सांगायची. लेक उंच झाली, तिचे दुधाचे दात जाऊन नवे आले, हे सगळं आईनं पाठीला लागलेल्या हातांवरून आणि बोलण्यावरून ओळखायचं. गोजरा एकदाही वळली नाही. येणारे-जाणारे बघायचे आणि बाई हट्टी आहे म्हणायचे.

आणि दुसरी अकिती आली. त्या साली नारू किती निघाले?

एकही नाही.

आणि हे कोणाच्या लक्षात आलं? तेही कोणाच्या नाही! पाय दुखला की माणूस गाव डोक्यावर घेतो. पाय दुखला नाही, तर त्याला पाय असल्याचंही आठवत नाही. पेरण्या वेळेवर झाल्या, सुगीला माणसं पुरली, सगळे म्हणाले यंदा पाऊस चांगला. नवी सून आली की पोहरा ओढताना तिची कंबर धरायची आणि ती त्या पाठमोऱ्या बाईला शिव्या द्यायची.

एका माणसाला मात्र कळलं होतं. लिंबाजी गुरवाला. पाय द्यायची वाट मोडली तरी लोक नवव्या पायरीवर उभं राहून नारूबाला नारळ फोडत होतेच. त्या साली कोणी आलंच नाही. नारळ आला नाही, याचा अर्थ त्याला त्याच महिन्यात समजला. त्यानं वेशीबाहेर जाऊन तिला सांगायला हवं होतं, की बाई, तू जिंकलीस. तो गप्प बसला. देव रिकामा बसला असं कळलं तर गुरवाला कोण विचारतो? आज बोलू, उद्या बोलू करत त्यानं वर्ष काढलं. तिसऱ्या सालीही नारळ आला नाही. तरी तो गप्पच.

मग हौसाचं लग्न ठरलं. तेव्हा पोरींची लग्नं अशीच लवकर व्हायची, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. मुहूर्त अकितीचा. लग्न लागलं, वरात निघाली, आणि वाट ओढ्यावरूनच. खोपटापाशी वरात थांबली. गोजरा नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसली होती. हळद लागलेली लेक मागे उभी, आणि आई वळेना. तिनं एक हात खांद्यावरून मागे केला. हातात दुहेरी शिवलेलं नवंकोरं फडकं होतं. म्हणाली, ‘हौसे, माज्याकडं द्यायला दुसरं काय न्हाई. सासरी गेल्याबरूबर घागरीला बांद.’

लिंबाजी वरातीत होता, हातात पूजेचं ताट. असे सांगतात की ते ताट त्याच्या हातातून खाली पडलं. तो तिथंच ओरडला, ‘दोन सालं नारूबाला नारळ न्हाई! गावात एकबी नारू न्हाई, दोन सालं झाली! मला म्हाईत व्हतं. म्या झाकलं!’

वाजंत्री थांबली. लोक एकमेकांच्या पायांकडे बघायला लागले. जो तो आपापलं घर मनात मोजत होता, आणि कोणाच्याच घरात नवा लंगडा सापडेना. पाटील पुढं झाले. त्यांनी पागोटं काढून खाली ठेवलं. म्हणाले, ‘गोजराई, चुकलं गावाचं. आता वळ. लेकीचं त्वांड बघ.’

गोजरा म्हणाली, ‘पायऱ्या?’

‘कंदी बांधनार न्हाई. गावच्या पांढरीची आन.’

मग म्हणाली, ‘दोन सालं तुमी मला सांगितलं न्हाई. आता दर अकितीला गुरवानं माज्या पाठीशी हुबं ऱ्हायाचं आन् मोठ्यानं सांगायचं, ह्या साली पान्यानं किती मानसं पडली. खरं सांगायचं. तुमचा भरवसा वाटला की वळंन.’

ती वळली नाही. वरात ओढ्यापलीकडं दिसेनाशी व्हायच्या आतच ती जागच्या जागी शिळा झाली, असे सांगतात. आमच्या घरात जरा वेगळं सांगतात. ती त्या पावसाळ्यात तापानं गेली, आणि सटवाजीनं तिची मूर्ती घडवली. तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही, म्हणून त्यानं पाठच घडवली. मला हेच खरं वाटतं. कसंही असो, ओढ्यापलीकडं जाऊन बघा. केसांचा अंबाडा, पाठ, खांद्यावरून मागे आलेला एक हात. पाठमोरी देवी दुसरीकडं कुठं असेल तर मला सांगा.

तेव्हापासून बोरझडीची रीत आहे. इथून सासरी जाणाऱ्या आणि इथं नांदायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला दुहेरी गाळणं द्यायचं. पाहुण्याला पाणी गाळूनच द्यायचं. आणि अकितीला गुरवानं आकडा सांगायचा. माझ्या आजानं पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साली चौतीस सांगितले, आवाज न चोरता. त्या साली पाटलाच्या वाड्यातलेही दोघं होते.

आता तुम्ही म्हणाल, केवढं शहाणं गाव! थांबा, कौतुक करू नका. हा कठडा बघा. ही चिंध्यांची रांग दिसतेय? ही गाळणी आहेत. कोणीतरी उठवलं की गोजराईला गाळणं बांधलं की नवस फळतो. झालं! पाणी गाळायचं सोडलं आणि गाळणी कठड्याला बांधायला लागले. ती कुजतात आणि पाण्यात पडतात. दर सोमवारी मी लोखंडी आकडा लावून काढतो. जिनं पाणी स्वच्छ ठेवायला पोर सोडली, तिच्या नावानं तिच्याच पाण्यात घाण. कोणाला बोलायची सोय नाही, लगेच म्हणतात मामा नास्तिक आहेत.

मी ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होतो, एकतीस वर्षं. टाकी धुवायची, पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, कॉक फिरवायचे. पावडर टाकली की घरोघरून तक्रार, पाण्याला वास येतो, चहा बिघडतो. सरपंच म्हणाले, मामा, जरा कमी टाका. मग म्हणाले, एक दिवसाआड टाका. मग निवडणूक आली, तेव्हा म्हणाले, राहू द्या. नारू तर कधीच गेला, आता कशाला? टाकी धुवायला दोन माणसं मागितली, ती तीन वर्षं मिळाली नाहीत. तहान लागल्यावर विहीर खोदणारी जात आपली. गेल्या साली, चैत्रात, जुलाब-उलट्यांची साथ आली. शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकून माणसं झोपवली, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या. त्र्याहत्तर माणसं. त्र्याहत्तरावी माझी भावजय. ती सतरंजीवरून उठली नाही.

त्यानंतरची अकिती आली, तेव्हा तुमच्याच कचेरीतले मोठे साहेब रीत बघायला आले होते. मांडव होता, स्पीकर होता. सरपंच माझ्या कानाशी आले. म्हणाले, ‘मामा, पाहुणे आल्यात. बारवेचं काम मंजूर होतंय. गावाची लाज राखा.’ मी गोजराईच्या पाठीशी उभा राहिलो. माझा भाऊ समोरच बसला होता, पंधरा दिवसांचा विधुर. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, ‘यंदा एकही नाही.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ उठून गेला. तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. लिंबाजी निदान गप्प बसला होता. मी खोटं बोललो, स्पीकरवरून.

आणि त्या ‘एकही नाही’वर तुमचं काम मंजूर झालं. पाणी चांगलं आहे, गाव चांगलं आहे, बारव सुंदर आहे, मग पायऱ्या पुन्हा बांधू, लोकांना पाण्यापर्यंत उतरू देऊ, फोटो काढू देऊ. म्हणून तुम्ही आज टेप घेऊन आलात. तुमचा दोष नाही, साहेब. तुम्हाला आकडाच चुकीचा दिलाय.

हे घ्या, पाणी प्या. गाळलेलं आहे, उकळलेलंही आहे. प्यायल्यावर ती मापाची वही उघडा. नऊ पायऱ्यांची मापं खुशाल लिहा, मी टेपचं एक टोक धरतो. आजही या बारवेला दहावी पायरी नाही, आणि आजही ती ओढ्यापलीकडं पाठ करून बसलीय, कोणी खरं सांगतंय का, याची वाट बघत. अकितीला अजून एकोणीस दिवस आहेत. तेव्हा मांडव असो, स्पीकर बंद करोत, मी तिच्या पाठीशी उभा राहून यंदाचा सांगीन आणि गेल्या सालचाही सांगीन. पण तोवर तुमच्या वहीत असू द्या.

दहाव्या पायरीचा रकाना आहे ना? त्यात माप लिहू नका. त्र्याहत्तर लिहा.